अमेरिकेत पहिली सेमी-ऑटो रायफल, कमी बजेटमध्ये: आधी कागद, मग बंदूक

गणपतीत, पॉटलकला, मुलांच्या बर्थडेला, कुठेही विषय निघाला की तेच प्रश्न येतात, "अगं ग्रीन कार्डवर बंदूक घेता येते का", "कुठली घ्यायची", "टोटल किती जातात", आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी टेक्सासला डॅलसच्या बाजूला राहते, त्याआधी बरीच वर्षं न्यू जर्सीत होते, म्हणजे या बाबतीत अमेरिकेची दोन टोकं बघून झालीत.

आधीच सांगते, हे सगळं टार्गेट शूटिंगसाठी आहे. रेंजवर जाऊन कागदावर नेम धरायचा, मजा करायची, हळूहळू सुधारायचं. घराच्या संरक्षणासाठी काय घ्यावं हा वेगळा विषय आहे, त्यात मी पडत नाही. आणि सेमी-ऑटो म्हणजे काय ते एकदा क्लिअर करून घ्या कारण याच्यावर फार गोंधळ असतो: ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते पण ती सुटायला ट्रिगर परत ओढावा लागतो. धडाधड सुटतात ती मशीनगन, ती ही नाही.

१. सगळ्यात आधी स्वतःचा व्हिसा बघा

बाकीचं काही वाचलं नाहीत तरी चालेल पण हे वाचाच.

सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याने रायफल घेता येते, वय १८ पूर्ण हवं आणि रेकॉर्ड स्वच्छ हवं. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२, म्हणजे आपले नेहमीचे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे, यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळी जवळ बाळगायलाच बंदी आहे. फक्त विकत घ्यायला नाही हं, जवळ बाळगायलाही. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतली तरी ती तुमच्या ताब्यात आली असंच धरलं जातं. "अहो माझा मित्र तर एच-१ वर असून दर महिन्याला जातो" हे मला सांगू नका, त्याला अजून कोणी विचारलं नाही एवढंच त्यातून कळतं.

याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. ते असेल तर एच-१ वाल्यालाही घेता येते, दुकानात ते दाखवावं लागतं. पण लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला आणि रायफल मात्र कपाटात तशीच, मग तुम्ही गुन्ह्यात. ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं आणि सगळं आयुष्य त्या एका फाइलवर टांगलेलं असताना ही रिस्क घ्यायची का हे स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला विचारून ठरवा, दुकानदाराला विचारून नाही. माझं मत विचाराल तर थांबा.

आता आपल्याकडचे दोन खास सापळे.

एक, आई-बाबा. सहा महिन्यांसाठी बी-२ वर आलेले असतात, बाबांना हौस असते, कॉलेजात एनसीसीत असताना थ्री-नॉट-थ्री चालवलेली असते, तुम्ही प्रेमाने रेंजवर नेता आणि हातात रायफल देता. नाही द्यायची. त्यांना मागे बसून बघू दे, व्हिडिओ काढू दे. नवरा-बायकोत एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याचा अजून एच-४ असेल तर रायफल कुलपात आणि किल्ली फक्त ज्याचं स्टेटस आहे त्याच्याकडे.

दोन, मित्रासाठी घेणं. पैसे त्याचे, कागदावर नाव तुमचं, याला इथे स्ट्रॉ पर्चेस म्हणतात आणि २०२२ च्या कायद्यानंतर त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. मैत्री बाजूला ठेवायची.

२. राज्याचा कायदा

टेक्सासला रायफलसाठी राज्याचा वेगळा परवाना नाही, फेडरल तपासणी झाली की रायफल घेऊन घरी. पण आपली मंडळी जिथे जास्त आहेत तिथे बऱ्याच ठिकाणी असं नाही.

न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड काढावं लागतं, गावच्या पोलिसांमार्फत, बोटांचे ठसे, दोन ओळखीच्यांचे रेफरन्स, सगळं. एडिसनला असताना माझे दोन्ही रेफरन्स आपलेच लोक होते आणि दोघांनीही आधी घाबरून फोन केला की हे नक्की काय आहे, तेव्हा ज्यांचं नाव देणार त्यांना आधी सांगून ठेवा. इलिनॉयमध्ये स्टेट पोलिसांचं एफओआयडी, म्हणजे बंदूक बाळगायचं ओळखपत्र. कॅलिफोर्नियात फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची लेखी परीक्षा आणि वर १० दिवस थांबणं. वॉशिंग्टनमध्ये, म्हणजे रेडमंड-बेलव्ह्यूवाले ऐका, तिथल्या कायद्याच्या व्याख्येत कुठलीही सेमी-ऑटो रायफल "सेमी-ऑटोमॅटिक असॉल्ट रायफल" धरतात, मी खाली सांगणार आहे ती लहानशा गोळीची बिचारी पॉइंट टू-टू (.२२) पण, त्यामुळे वय २१ लागतं, सेफ्टी ट्रेनिंगचा पुरावा लागतो, थांबावंही लागतं. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२ पासून सेमी-ऑटो रायफल घ्यायला परमिट लागतं, वय २१.

मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावतात यावरही मर्यादा असते, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्समध्ये १०. हे किती गंभीर आहे बघा, न्यू जर्सीत एका माणसाकडे बक्षीस म्हणून मिळालेली साधी मार्लिन पॉइंट टू-टू होती, नळीखालच्या मॅगझिनमध्ये १७ गोळ्या मावायच्या, तेवढ्यावरून ती असॉल्ट फायरआर्म, म्हणजे बंदी असलेली बंदूक ठरली आणि १९९६ मध्ये अपील कोर्टाने त्याची शिक्षा कायम केली. त्याचं म्हणणं होतं मला माहीत नव्हतं, कोर्ट म्हणालं माहीत करून घ्यायला हवं होतं.

हे कायदे सारखे बदलतात. माझ्या या लिखाणावर विसंबू नका, खरेदीच्या आठवड्यात आपल्या राज्याच्या पोलिसांच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या साइटवर जाऊन बघा.

३. कुठली घ्यायची

तरुण मुलांना पहिलीच एआर-१५, म्हणजे ती लष्करी दिसणारी रायफल, हवी असते. घ्या की, कायद्यात बसत असेल तर कोण अडवतंय, पण पहिली म्हणून नको आणि कारण फक्त पैसे. रायफल एकदाच घ्यायची असते, गोळ्या मात्र आयुष्यभर. एआरची ५.५६ ची एक गोळी साधारण अर्ध्या डॉलरच्या आसपास जाते, .२२ एलआरची (लाँग रायफल, म्हणजे आपल्या पॉइंट टू-टूची) सात ते दहा सेंट. म्हणजे एका दुपारी दोनशे गोळ्या झाडल्या तर एकीकडे शंभर डॉलर आणि दुसरीकडे वीसच्या आत. शिकताना हात बसायला हजारो गोळ्या लागतात, हिशोब तुम्हीच करा. शिवाय पॉइंट टू-टूला झटका जवळजवळ नसतोच, आवाज कमी, त्यामुळे डोळे मिटून ट्रिगर ओढायची वाईट सवय लागत नाही. ती एकदा लागली की जाता जात नाही.

तर माझं उत्तर रुगर १०/२२. १९६४ पासून बनते, अमेरिकेत ज्याच्या त्याच्या घरी असते, १० गोळ्यांचं चपटं गोल फिरणारं मॅगझिन दस्त्यात पूर्ण आत बसतं, म्हणजे खाली काही लटकत नाही आणि १० ची मर्यादा असलेल्या राज्यांतही चालतं. वजन पाच पौंडांच्या आसपास. साधं मॉडेल दुकानानुसार अडीचशे ते साडेतीनशे डॉलरला मिळतं. पार्ट्स इतके मिळतात की एखाद्याने मनावर घेतलं तर रुगरचा एकही स्क्रू न वापरता अख्खी १०/२२ बनवता येईल.

बाकीचे पर्याय पटकन सांगते. सॅव्हेज ६४ अजून स्वस्त, चालते, पण मॅगझिन आणि सुटे भाग शोधत बसावं लागतं. मार्लिन ६० जुन्या बाजारात छान मिळते, नेमाला उत्तम, फक्त आता बनत नाही, मॅगझिन नळीखाली कायमचं जोडलेलं असतं आणि वर न्यू जर्सीचं वाचलंतच. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ दिसायला हुबेहूब एआर, दस्ता कमी-जास्त होतो म्हणून घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर सोयीची, पण शंभरेक डॉलर जास्त आणि काही राज्यांत त्या रूपामुळेच अडचण.

उंची कमी असेल तर हे नक्की बघा. नेहमीच्या दस्त्याची लांबी, म्हणजे ट्रिगरपासून खांद्यापर्यंत, साडेतेरा इंचांच्या आसपास असते. मी पाच फूट एक इंच, मला ती लांब पडते, मान पुढे ताणावी लागते आणि तासाभरात खांदा भरून येतो. दुकानात खांद्याला लावून बघा, बाही जाड असेल तर जॅकेट काढून. १०/२२ चं कॉम्पॅक्ट मॉडेल याच्यासाठीच आहे. काउंटरवरचे काका "लेडीजसाठी गुलाबी आहे बघा" म्हणतात, त्यांना म्हणायचं रंग राहू दे, लांबी सांगा.

४. दुकानात जाताना आणि फॉर्म ४४७३

सोबत काय न्यायचं:

- ड्रायव्हिंग लायसन्स, सध्याच्या पत्त्याचं
- ग्रीन कार्ड असेल तर ते, मूळ, फोटो नाही
- लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नवीन पत्त्याचा सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन
- राज्याचं जे काही कार्ड, परमिट, सर्टिफिकेट लागतं ते

आपल्यातले निम्मे लोक इथेच अडकतात. आपण भाड्याच्या घरांतून दर वर्षी हलत असतो आणि लायसन्सवर तीन अपार्टमेंटपूर्वीचा पत्ता असतो. लीज किंवा विजेचं बिल दुकानदार घेईलच असं नाही, सरकारी कागद हवा. आधी पत्ता बदलून घ्या आणि मगच जा.

फॉर्म ४४७३ हा फेडरल फॉर्म आहे, प्रत्येक डीलरकडे हाच. स्वतः भरायचा, शांतपणे, घाई करायची नाही. नाव पूर्ण लिहायचं, मधलं नावही. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते लायसन्सवर एक असतं आणि ग्रीन कार्डवर गायब असतं आणि पासपोर्टवर तिसरंच काहीतरी, तर जे आयडी देताय त्याच्याशी जुळवा आणि तफावत असेल तर आधीच काउंटरवर सांगा. जन्मस्थळात शहर लिहायची गरज नाही, परदेशात जन्म असेल तर देश.

नागरिकत्वाच्या चौकटीत ग्रीन कार्डवाल्यांनी "अदर कंट्री" वर खूण करून पुढे भारत असं लिहायचं, आणि खाली एलियन नंबर भरायचा. चुकून किंवा कोणी "काय फरक पडतो" म्हणाला म्हणून यू.एस. सिटिझनवर टिक केली तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा होतो, आणि इमिग्रेशनमध्ये याच्यासारखं वाईट फार कमी आहे, पुढे सिटिझनशिपला अर्ज करताना हेच कागद बाहेर येतात. दोनदा वाचा मग सही करा. गांजाबद्दलचा प्रश्नही नीट वाचा, तुमच्या राज्यात दुकानात उघड मिळत असला तरी फॉर्मवर फेडरल कायद्याचा इशारा स्वच्छ छापलेला आहे.

मग दुकानदार एनआयसीएस म्हणजे एफबीआयची तपासणी करतो, काही राज्यांत ती राज्याच्या पोलिसांमार्फत होते. उत्तर तीनपैकी एक येतं: प्रोसीड, डिलेड, डिनाइड. डिलेड आलं तर घाबरू नका, पाटील, जोशी, शाह यांना हे होतं, तुमच्याच नावाचा आणि जवळपासच्या जन्मतारखेचा कोणीतरी यादीत असतो. साधारण तीन कामाचे दिवस थांबायचं, त्यात उत्तर आलं नाही तर फेडरल कायद्याने डीलर रायफल देऊ शकतो, द्यायलाच हवी असं नाही, काही दुकानं शेवटचं उत्तर येईपर्यंत देत नाहीत. एकविसाच्या आतल्यांना जास्त वेळ लागू शकतो. प्रत्येक वेळी डिलेड येत असेल तर एफबीआयच्या व्हॉलंटरी अपील फाइलला अर्ज करा, बोटांचे ठसे द्यावे लागतात, मग एक यूपीआयएन नंबर मिळतो, तो पुढच्या वेळी फॉर्मवर लिहायचा.

ऑनलाइन स्वस्त दिसली तर घेता येते, पण रायफल तुमच्या घरी येत नाही, तुमच्या गावातल्या लायसन्स असलेल्या डीलरकडे येते, तिथे हाच फॉर्म आणि वर ट्रान्सफर फी, २५ ते ५० डॉलर. ती आणि शिपिंग धरली की "वीस डॉलर स्वस्त" चं काही उरत नाही, तेव्हा टोटल मारून बघा. अनोळखी माणसाकडून पार्किंग लॉटमध्ये रोखीने घेणं टेक्सासात एकाच राज्यातल्या दोघांत कायदेशीर असलं तरी आपण ग्रीन कार्डवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत, चोरीचा माल निघाला तर निस्तरत कोण बसणार. दोघांनी मिळून डीलरकडे जा, तो फी घेऊन रीतसर ट्रान्सफर करून देतो.

५. सोबतचं सामान

इथे पैसे वाया जातात. दुकानदाराची यादी लग्नाच्या रुखवतासारखी असते, मांडून बघायला छान, वापरात त्यातलं निम्मं येत नाही. लेझर, बायपॉड, टॉर्च, रंगीत बोल्ट हँडल, काही नको. मी काय घ्यायला सांगते ते:

- कानाला इलेक्ट्रॉनिक मफ, पन्नास-साठ डॉलर. बोलणं ऐकू येतं आणि गोळीचा आवाज कापला जातो. रेंज ऑफिसरच्या सूचना ऐकू येणं नवख्याला फार महत्त्वाचं, म्हणून यात कंजूषी नको
- डोळ्यांना झेड८७ असा शिक्का असलेला चष्मा, दहा डॉलर
- जादा मॅगझिन दोन किंवा तीन, रुगरचीच, वीसेक डॉलरला एक
- साधा कॉटनचा आर्मी पद्धतीचा स्लिंग म्हणजे पट्टा, पंधरा-वीस डॉलर. हा खांद्याला अडकवायला नाही, दंडाला गुंडाळून रायफल स्थिर करायला. साध्या मॉडेलला स्लिंग अडकवायचे स्टड नसतात बऱ्याचदा, बघून घ्या, नाहीतर बसवावे लागतात
- नारिंगी चेंबर फ्लॅग, एक-दोन डॉलर. चेंबर म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, ती रिकामी आहे हे लांबून दिसावं म्हणून हा तिथे घालायचा
- बंद होणारी मऊ केस, पंचवीस-तीस

आता नेमाचं. फॅक्टरीची उघडी साइट ठीक आहे, पण चाळिशी उलटली की मागची खाच आणि पुढचा मणी दोन्ही एकदम दिसेनासे होतात. दोन रस्ते आहेत. टेक-साइट्सची पीप साइट, म्हणजे मागे बारीक भोक, सत्तर-ऐंशी डॉलरच्या घरात, शिकायला उत्तम. नाहीतर दुर्बीण, आणि दुर्बीण (स्कोप) घ्याल तर रिमफायर, म्हणजे पॉइंट टू-टूसारख्या गोळ्यांसाठीची, असं लिहिलेलीच घ्या. मोठ्या रायफलच्या स्कोपचं पॅरॅलॅक्स बहुतेक १०० यार्डांवर बसवलेलं असतं, रिमफायरवाल्याचं ५० वर. चुकीची घेतली तर २५ यार्डांवर डोळा जरा हलला की क्रॉसहेअर कागदावर सरकताना दिसतो आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात वाईट. २ ते ७ पटीची पुरते. रिंगा आणि माउंटचे पैसे वेगळे लागतात हे विसरू नका, माउंटची पट्टी रुगरच्या बऱ्याच मॉडेल्सबरोबर डब्यातच येते, आधी डबा नीट उघडून बघा.

ट्रिगर बदलायची घाई नको. फॅक्टरीचा जड आहे हे खरं, रुगरचाच बीएक्स ट्रिगर बसवला की फरक लगेच कळतो, पण पहिले काही महिने जडच बरा, बोट शिकतं.

सगळं मिळून टॅक्ससकट सहाशे डॉलरच्या आसपास बसतं, दुर्बीण घेतली तर थोडं वर.

६. गोळ्या

.२२ एलआर म्हणजे तीच गोळी, जिच्यावर आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ करून ब्राँझ मिळवलं. त्याची रायफल एकेक गोळी भरायची आणि गोळ्या मॅच ग्रेडच्या म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या, आपल्या तशा नाहीत, पण जातकुळी एकच.

नव्या रायफलला आधी चार-पाच ब्रँडच्या एकेक डब्या घ्या, पाचशेचा ठोकळा नको. प्रत्येक नळीला वेगळी गोळी आवडते, यामागे लॉजिक शोधू नका, कागदावर बघा. सीसीआय मिनी-मॅग महाग पण अडकत नाही. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी १०७० फूट प्रति सेकंद, आवाजाच्या वेगाखाली, आवाज मऊ आणि नेम छान, माझ्या रायफलला हीच मानवते. त्याहून खूप हळू असलेल्या "क्वाएट" गोळ्या सेमी-ऑटोत बऱ्याचदा बोल्टला, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाला, पुरेसं मागे ढकलत नाहीत, मग दर वेळी हाताने ओढावं लागतं. डब्यावर लाँग रायफल लिहिलंय ना ते बघा, .२२ शॉर्ट किंवा .२२ मॅग्नम यात चालत नाही.

आणि ही खेळणी नाही. डबीवर छापलेलं असतं, गोळी सव्वा-दीड मैल जाऊ शकते.

७. नेम जुळवणं

हे कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा लांबण लावते.

२५ यार्डांवर कागद लावा, बसून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून. पाच गोळ्या, सगळ्या एकाच बिंदूवर नेम धरून, मध्ये स्क्रूला हात लावायचा नाही. एका गोळीवर निर्णय घेऊ नका. पाच भोकांच्या घोळक्याचा मध्य काढा आणि तिथून मोजा.

समजा घोळका दोन इंच खाली आणि एक इंच उजवीकडे आहे. स्कोपवर बहुतेक "१ क्लिक = १/४ इंच, १०० यार्डांवर" असं लिहिलेलं असतं. लोक इथे गडबडतात, एक इंच म्हणजे चार क्लिक करतात आणि गोळी हलतच नाही म्हणून स्कोप परत करायला निघतात. तुम्ही २५ यार्डांवर आहात, अंतर पाव म्हणून क्लिकही पाव, म्हणजे एक क्लिक इंचाचा सोळावा भाग. एका इंचाला १६ क्लिक. तर दोन इंच वर म्हणजे ३२ क्लिक अपच्या बाणाकडे आणि एक इंच डावीकडे म्हणजे १६ क्लिक. परत पाच गोळ्या. दोन-तीन फेऱ्यांत जुळतं. पॉइंट टू-टू २५ वर जुळली की ५० यार्डांवरही जवळपास तिथेच लागते.

घोळकाच बशीएवढा पसरला असेल तर क्लिक फिरवून काही होत नाही. आधी दस्त्याचा मुख्य स्क्रू आणि स्कोपच्या रिंगा सैल नाहीत ना बघा, मग गोळीचा ब्रँड बदला, मग स्वतःच्या श्वासाकडे आणि बोटाकडे वळा.

८. रेंजवर

चार नियम पाठ: बंदूक नेहमी भरलेलीच समजायची, नळी जिथे गोळी जाऊ नये तिकडे वळवायचीच नाही, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि टार्गेट व त्याच्या मागे काय आहे ते माहीत हवं.

१०/२२ ची एक खोड नीट समजून घ्या. शेवटची गोळी सुटली की बऱ्याच रायफलींचा बोल्ट मागेच अडकून राहतो, कळतं रिकामी झाली. हिचा राहत नाही, पुढे जाऊन बंद होतो, म्हणजे भरलेली आणि रिकामी बाहेरून सारखीच दिसते. म्हणून दर वेळी मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून ट्रिगर गार्डजवळच्या कळीने अडकवायचा, चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं, मग फ्लॅग घालायचा. "सीझफायर" ओरडलं की हे करून टेबलापासून मागे सरकायचं, समोर लोक कागद बदलायला गेलेले असताना सामानाला हात लावायचा नाही, बॅग आवरायलाही नाही. आवाज न होता फुसकं काही झालं तर नळी समोर धरून थोडं थांबा आणि नळीत काही अडकलंय का ते बघितल्याशिवाय पुढची झाडू नका.

शिकायचं असेल तर प्रोजेक्ट ॲपलसीडच्या वीकएंडला जा, देशभर होतात, शिकवणारे स्वयंसेवक असतात. सगळं २५ वर, टार्गेटं लहान करून ४०० यार्डांपर्यंतची नक्कल, उभं राहून, बसून, पोटावर झोपून. परीक्षेत २५० पैकी २१० मिळाले तर रायफलमनचा पॅच देतात. दमायला होतं खूप, कोपरं सोलवटतात, चटई न्या. मधल्या सुट्टीत १९ एप्रिल १७७५ च्या लेक्सिंग्टन-काँकॉर्डची, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या लढाईची गोष्ट सांगतात आणि रंगवून सांगतात. १०/२२, पीप साइट, स्लिंग, ही मी वर दिलेली यादी बरीचशी तिथूनच आलीय.

घरी आल्यावर हात साबणाने, गार पाण्याने धुवा, मगच मुलांना जवळ घ्या. या गोळ्यांत शिसं असतं, गोळी पेटवणाऱ्या प्रायमरमध्येही. रेंजचे कपडे वेगळे धुवा आणि रेंजवर चिवडा खात बसू नका.

९. घरी ठेवणं

मुलं असोत नसोत, कुलूप. रायफलीबरोबर डब्यात कुलूप येतंच, आणि प्रोजेक्ट चाइल्डसेफची केबल लॉक बऱ्याच पोलीस स्टेशनांत फुकट मिळतात. बजेट झालं की लोखंडी कपाट घ्या आणि भिंतीला बोल्ट मारा. गोळ्या वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या किल्लीत. टेक्सासला १७ च्या आतल्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि खेळायला आलेल्या दुसऱ्यांच्या मुलांचंही त्यात येतं. देवघराच्या खालच्या कप्प्यात लपवलीय, कोणाला माहीत नाही, असं मला एकीने सांगितलं होतं. तिच्या सात वर्षांच्या मुलाला माहीत होतं.

१०. साफसफाई

थोडक्यात: दर वेळी नळी घासायची गरज नाही. साध्या १०/२२ ला मागून सळई घालायला जागा नसते म्हणून बोअरस्नेक नावाची दोरी मिळते ती मागून पुढे एकदा-दोनदा ओढा. बोल्टचं तोंड जुन्या टूथब्रशने झाडा, तेलाचे दोन थेंब, जास्त नाही, तेलात काजळी चिकटते. मॅगझिनला तेल लावूच नका, कोरड्या कापडाने पुसा. गोळ्या अडकायला लागल्या तर दहातले नऊ वेळा कचरा नाहीतर मॅगझिन.

११. प्रवास आणि भारत

गाडीतून नेताना रिकामी, केसमध्ये, डिकीत, कुलूप लावून, गोळ्या वेगळ्या. राज्याची हद्द ओलांडणार असाल तर पलीकडचा कायदा आधी वाचा.

आणि रेंजला नेलेली बॅग विमानप्रवासाला कधीही वापरू नका. पॉइंट टू-टूची गोळी शेंगदाण्याएवढी, अस्तराच्या शिवणीत जाऊन बसते, अमेरिकेच्या स्कॅनरमधून चेक-इन बॅगेत निसटते आणि परतीच्या वेळी मुंबईला किंवा दिल्लीला सापडते. तिथे एक गोळी म्हणजेही शस्त्र कायद्याखाली एफआयआर. पुढे हायकोर्टात "जाणीवपूर्वक बाळगली नव्हती" म्हणून अशी बरीच प्रकरणं रद्द होतात, पण तोपर्यंत फ्लाइट गेलेली, सुट्टी संपलेली, वकिलाची फी वेगळी. रेंजसाठी वेगळी, भडक रंगाची बॅग ठेवा, सूटकेसच्या कपाटापासून लांब, आणि रेंजला घातलेल्या जॅकेटचे खिसे उलटे करून बघितल्याशिवाय ते भारताच्या पॅकिंगमध्ये टाकू नका. चुलतभावाला गिफ्ट म्हणून स्कोप न्यायचा विचारही सोडून द्या, बंदुकीच्या दुर्बिणी अमेरिकेच्या एक्सपोर्ट कंट्रोलच्या यादीत आहेत.

कायमचे परत निघालात तर रायफल मित्राकडे "ठेवून" जाऊ नका. डीलरकडे घेऊन जा, तो विकत घेतो किंवा कमिशनवर विकून देतो, आणि पावती जपून ठेवा, सिरियल नंबर लिहिलेली.